रोपला पीळ बसतो कुठून आणि जातो कुठून

एका तरुण गिर्यारोहण गटाने विचारलं आहे, ते थोडक्यात असं. त्यांनी साडेदहा मिलिमीटर जाडीचा, ५० मीटर लांबीचा नवा स्टॅटिक (वजनाखाली फारसा न ताणणारा) रोप घेतला. रॅपलिंगला, म्हणजे रोपवरून कडा उतरायला, सगळे 'फिगर ऑफ एट' (इंग्रजी आठच्या आकड्यासारखी धातूची कडी, थोडक्यात एट) वापरतात. एका मोसमातच रोप असा झाला की जमिनीवर सोडला तर आपोआप आढ्या घेतो, उतरणाऱ्याच्या हाताखाली वळ्या गोळा होतात, आणि दोनदा तर वळी एटमध्ये अडकून माणूस मध्येच लटकून राहिला. "आम्ही प्रत्येक वेळी नीट गोल गुंडाळून ठेवतो, तरी असं का? रोप सदोष निघाला का? टाकून द्यायचा का?"

रोप सदोष असण्याची शक्यता फार कमी आहे. तुमच्या प्रश्नातल्या "नीट गोल गुंडाळून ठेवतो" या चार शब्दांत अर्धं कारण आहे आणि एटमध्ये उरलेलं. टाकून देण्याआधी काय तपासायचं ते शेवटी सांगतो, पण आधी पीळ समजून घ्या. तो समजला नाही तर नवा रोपही पुढच्या वर्षी याच वाटेने जाईल.

आपण सगळ्यालाच 'गुंता' म्हणून मोकळे होतो, पण इथे वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पीळ म्हणजे रोप स्वतःच्या अक्षाभोवती फिरलेला असणं. तो ताणलेल्या रोपमध्ये डोळ्यांना दिसतही नाही. रोप सैल पडला की तोच पीळ आढी होऊन बाहेर येतो, म्हणजे रोप स्वतःवरच एक वळी टाकतो. वळ्या एकमेकींत शिरल्या की गुंता होतो. त्या गुंत्यातून टोक आरपार गेलं तरच खरी गाठ बसते. गुंता हलवून सुटतो, गाठीतून टोक परत काढावं लागतं. तुमच्या रोपचा मूळ आजार पीळ आहे. गुंता सोडवत बसलात आणि पीळ तसाच राहिला, तर पुढच्या कड्यावर पुन्हा तेच होणार.

हातभर सुतळी घ्या. दोन्ही टोकं चिमटीत धरून एक टोक एकाच दिशेने फिरवत राहा. सुतळी ताणलेली आहे तोवर काही होत नाही. आता दोन्ही हात हळूच जवळ आणा. मधोमध एक वळी उसळते आणि दुहेरी होऊन स्वतःभोवती गुंडाळली जाते. पिळलेल्या स्थितीत राहण्यापेक्षा वाकून वळी टाकणं सुतळीला कमी कष्टाचं असतं, म्हणून ती तसं करते. हात पुन्हा लांब केलेत तर वळी नाहीशी होते, पण पीळ गेलेला नसतो. तो परत आत जाऊन बसतो. वळीचा पीळ होतो आणि पिळाची वळी होते, बेरीज मात्र तीच राहते, जोवर दोन्ही टोकं बांधलेली आहेत तोवर. गणितात हे नीट सिद्ध झालेलं आहे. रोमानियाचे कालुगारेआनू, मग १९६९ मध्ये जेम्स व्हाइट आणि १९७१ मध्ये ब्रॉक फुलर यांच्या कामातून ते सूत्र आजच्या रूपात आलं. आपल्या कामापुरता त्याचा अर्थ एकच: रोपच्या मध्यातून पीळ कधीच नाहीसा होत नाही, तो फक्त टोकातून बाहेर पडतो.

निसर्गालाही यातून सुटका नाही. माणसाच्या केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए कोंबलेला असतो, आणि त्याची प्रत काढताना दुपेडी धागा उलगडला की पुढच्या भागात पीळ साचत जातो. टोकं इतकी दूर आणि इतकी जखडलेली की पीळ तिथवर पोचणार कसा? पेशीतली काही प्रथिनं त्यासाठी धागा कापतात, फिरू देतात आणि पुन्हा जोडतात. अशा पहिल्या प्रथिनाचा शोध जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. टोक जवळ नसेल तर नवं टोक तयार करावं लागतं, इतका हा नियम कडक आहे.

आणि हाच गुण नसता तर दोर बनलाच नसता. घायपाताचा किंवा अंबाडीचा वाख घेऊन दोर वळताना मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं ते हेच: पदरांना एका दिशेने पीळ द्यायचा आणि मग ते पदर एकत्र उलट दिशेने वळायचे. पदरांना उलगडायचं असतं, पण त्यांच्या उलगडण्यानेच दोर अधिक घट्ट वळला जातो. दोन ओढी एकमेकींना अडवून धरतात आणि दोर स्थिर राहतो. हे ज्ञान हाताच्या बोटांत होतं, आणि सूत्र लिहिणाऱ्यांच्या कित्येक शतकं आधी होतं. गावाकडच्या कुणी तुमच्यासमोर दोर वळून दाखवला तर लक्षपूर्वक बघा. तासाभरात रोपबद्दल जे कळेल ते माहितीपत्रकं वाचून कळणार नाही.

तीन पदरी दोरावर माणूस लटकवू नये याचं एक कारणही यातच आहे. वजन मोकळं लोंबकळलं की पदर उलगडायला लागतात आणि वजन गरगर फिरतं. आपला रोप वेगळ्या घडणीचा असतो, आत गाभा आणि वर विणलेलं आवरण. एडेलरीड या जर्मन कंपनीने १९५३ मध्ये तो आणला आणि कडे चढण्याचं तंत्रच बदललं. आवरणातले निम्मे धागे एका दिशेने आणि निम्मे दुसऱ्या दिशेने जातात, चांगल्या रोपच्या गाभ्यातही दोन्ही पिळांचे धागे सारखे असतात. त्यामुळे तो वजनाखाली स्वतःहून फिरत नाही. म्हणूनच खात्रीने म्हणतो की तुमच्या रोपमध्ये आज जो पीळ आहे तो बाहेरून आलेला आहे. कारखान्यातून तो आलेला नाही.

मग तो आला कुठून?

सगळ्यात आधी, नवा रोप उघडताना. गोल वेटोळ्यांचं बंडल जमिनीवर ठेवून टोक धरून ओढलं की प्रत्येक वेटोळ्यामागे एक पूर्ण पीळ रोपमध्ये जातो. वेटोळी दीड मीटर घेराची असतील तर ५० मीटरमध्ये असे ३३ पीळ झाले, तेही रोपने अजून डोंगर पाहिलेला नसताना. रीळ असेल तर मधून दांडा घालून रीळ फिरवत रोप काढायचा. बंडल असेल तर एकाने ते दोन्ही हातांत घालून फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने सरळ ओढायचं. वेटोळं ज्या वाटेने गुंडाळलं त्याच वाटेने उलगडलं तर हिशेब शून्य राहतो, बाजूने उपसलं तर पीळ पदरात पडतो. हल्ली काही रोप आधीच नागमोडी घडीत भरून येतात, त्यांना हा त्रास नाही. उघडण्याआधी सोबतचा कागद वाचाच.

दुसरं तुमचं ते नीट गोल गुंडाळणं. गोल वेटोळी खांद्यावर सुबक दिसतात, पण सपाट बसावीत म्हणून आपण प्रत्येक वेटोळ्याला अंगठ्याने हलका पीळ देतो. उघडताना घाई असते, तेव्हा कुणी उलट फिरवत बसत नाही, सरळ उपसतो. वर्षभर प्रत्येक ट्रेकला हे झालं तर किती पीळ जमले असतील बघा. त्याऐवजी रोप मानेवर किंवा हातावर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा टाकत जा. फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंना लोंबणारे फाटे तयार होतात. डावीकडचा अर्धा पीळ उजवीकडच्याने फिटतो. लाउडस्पीकरवाले जाणकार लोक मायक्रोफोनची केबल एक वळी सुलटी आणि एक उलटी अशी गुंडाळतात, त्यामागेही हेच आहे. तीन पदरी दोराची गोष्ट निराळी: उजव्या पिळाचा दोर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळला की त्याच्या वळणाला सोयीचं पडतं. ती सवय आपल्या रोपला लावू नका.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे एट. त्याच्या मोठ्या कडीतून आत शिरून, दांड्याला वळसा घालून बाहेर पडताना रोप मळसूत्री वाटेने जातो. माणूस खाली येतो तसा एट आपल्या पुढ्यातल्या रोपमध्ये पीळ ढकलत येतो. खालचं टोक मोकळं लटकत असेल तर ते फिरून बराचसा पीळ टाकून देतं. पण आपल्याकडे मोठ्या गटात खाली एकजण बॉटम बिलेला (उतरणारा सुटला तर खालून रोप ताणून त्याला थांबवायला) रोप धरून उभा असतो, उरलेला रोप त्याच्या पायाशी ढिगात पडलेला असतो. टोक फिरणार कसं? बिले देणाऱ्याने हात सोडावा असं मी मुळीच म्हणत नाही. माणूस रोपवर असेपर्यंत हात हलता कामा नये. पण एक उतरून सुटला आणि दुसरा वर बांधला जातोय, या मधल्या वेळात वर विचारून खात्री करून टोक उचला, झटका आणि फिरू द्या. चाळीस जणांच्या शिबिरात हे प्रत्येक दोन-तीन माणसांमागे झालं तर संध्याकाळी रोप जवळपास सकाळसारखाच राहतो.

इथे एक समज फार पसरलेला आहे. दर वेळी रोपची टोकं बदलली, वरचं खाली केलं, की पीळ उलटा होऊन फिटतो असं सांगतात. तसं होत नाही. उजवा पीळ कुठल्याही टोकाकडून पाहिला तरी उजवाच असतो. एखादा स्क्रू दोन्ही बाजूंनी पाहा. टोकं बदलत राहावीत हे खरं, पण घासणं दोन्हीकडे वाटलं जावं म्हणून.

एटऐवजी नळीच्या घडणीचं डिसेंडर (रोपवरून उतरण्याचं साधन) घेतलं तर रोप एकाच प्रतलात वाकतो आणि पीळ खूपच कमी बसतो. बारा-पंधरा जणांच्या गटाला मी हेच सुचवेन, रोप त्याला चालणाऱ्या जाडीचा आहे ना हे पाहून. कॅराबिनरवर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीवर) घालायची इटालियन हिच ही गाठ, जिला बरेच जण मुंटर म्हणतात, ती पीळ देण्यात एटच्याही पुढे आहे. ती वापरावी लागली तर ब्रेकचा (हातात धरलेला) रोप वजनाच्या रोपला समांतर धरा, बाजूला ओढून धरू नका. पीळ लक्षात येण्याइतका कमी होतो.

आपल्या सह्याद्रीत अजून एक गोष्ट भर घालते. बेसॉल्टचे थर एकावर एक, त्यामुळे कडा सलग उतरत नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतो. रोप प्रत्येक धारेवर घासतो आणि पीळ तिथेच अडतो, खालच्या टोकापर्यंत पोचतच नाही. लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यासारख्या ठिकाणी रोप जिथे अधांतरी लोंबतो तिथे तो स्वतःला मोकळा करून घेतो. पायऱ्यांच्या कड्यावर हे काम तुम्हाला हाताने करावं लागेल. त्यात कारवीची दाटी असली तर वरून फेकलेला रोप मध्येच अडकतो आणि पुढे येणारी प्रत्येक वळी तिथे साचते. अशा ठिकाणी रोप फेकूच नका. पहिल्या उतरणाऱ्याने रोपची पिशवी कमरेला लावावी आणि उतरता उतरता त्यातून रोप सुटू द्यावा.

दुहेरी रोपवर उतरताना दोन्ही रोप एकमेकांभोवती वळतात. मग खाली आल्यावर एक ओढायला जावं तर दोन्ही एकत्र आवळतात आणि रोप वरच राहतो. अंधार पडायला आलेला असताना ही वेळ आली की माणसं चुकीचे निर्णय घेतात, म्हणून मी यावर इतका जोर देतो. टोकांना स्टॉपर गाठी (टोक उतरण्याच्या साधनातून निसटू नये म्हणून मारलेल्या) हव्यातच. पीळ जावा म्हणून त्या गाठी कुणी वगळू नयेत. पण दोन्ही टोकं एकत्र बांधण्याऐवजी प्रत्येक टोकाला स्वतंत्र गाठ मारा, म्हणजे दोन्ही टोकांना फिरायला वाव राहतो. आणि शेवटी उतरणाऱ्याने दोन रोपांच्या मधे एक बोट किंवा स्लिंगवरचा (पट्टीच्या फासाला लावलेला) कॅराबिनर ठेवत यावं.

आता तुमच्याकडे दोनदा झालं त्याबद्दल. हे हलक्यात घेऊ नका. वळी एटमध्ये शिरून अडकली, किंवा धारेवरून उतरताना रोप एटच्या मोठ्या कडीवरून सरकून आवळला, की त्यावर वजन असेपर्यंत तो सुटत नाही. बाजूंना कान असलेला रेस्क्यू एट या दुसऱ्या प्रकाराला अडवतो, पहिल्याला नाही. कोरड्या कड्यावर वेळ असतो. पावसाळ्यात धबधब्यात रॅपलिंग करताना माणूस पाण्याच्या धारेखाली अडकला तर मिनिटांचा हिशेब असतो, थंडीने आणि पाण्याच्या माऱ्याने त्याचे हात चालेनासे होतात. म्हणून वरचा अँकर (रोप जिथे पक्का बांधतात तो आधार) असा बांधा की वजन असतानाही रोप सोडता येईल. मुंटर बांधून तिला म्यूल गाठीने (वजनाखालीही सोडवता येणाऱ्या गाठीने) बंद केलं की अँकरवरचा माणूस ती उघडून अडकलेल्याला अलगद खाली सोडू शकतो, मात्र वर पुरेसा रोप राखून ठेवलेला हवा. सोबत सेफ्टीचा दुसरा रोप असतोच, तोही तपासा. कुठल्याही गटाकडे धबधब्यावर उतरण्याआधी ही सोय नसेल तर त्या दिवशी उतरू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि हा सराव जमिनीवर, एखाद्या झाडाला बांधून, आधी पुरेसा करून घ्या.

तुमच्या रोपमधला साचलेला पीळ काढायला सर्वांत चांगली जागा म्हणजे रोपपेक्षा उंच, अधांतरी कडा. वर अँकर करा, पूर्ण रोप खाली सोडा, टोकाला काही बांधू नका, आणि थोडा वेळ तसाच लटकू द्या. टोक गरगर फिरताना दिसेल. थांबलं की वरून हलके झटके द्या, पुन्हा फिरेल. तसा कडा जवळ नसेल तर उंचावर एक कॅराबिनर टांगून संपूर्ण रोप त्यातून ओढून काढा. येणारं टोक मोकळं ठेवा आणि हे तीन-चार वेळा करा. मैदानावर करायचं असेल तर रोप स्वच्छ गवतावर किंवा ताडपत्रीवर मोकळा पसरा, मध्यापासून सुरुवात करा, मूठ घट्ट आवळून पीळ टोकाकडे ढकलत न्या आणि पुढे टोक धरणाऱ्याने ते बोटांत फिरू द्यावं. मग दुसरी बाजू. एका फेरीत होणार नाही. मातीतून मात्र ओढू नका. बारीक कण आवरणातून आत गेले की आतून गाभा कापत राहतात. पावसाळ्यानंतर रोप साध्या थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. नवा स्टॅटिक रोप पहिल्यांदा भिजला की थोडा आखडतो, तो आखडण्याआधीच पीळ काढलेला बरा.

साठवणीबद्दल थोडं. २००७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी डब्यात दोरी टाकून डबा फिरवण्याचा प्रयोग हजारो वेळा केला. सेकंदांत गाठी बसत होत्या, सुमारे १२० निरनिराळ्या प्रकारच्या, पण दोरी ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असली तर बसत नव्हत्या. कारण त्यांनी असं मांडलं की दोरी वेटोळ्यांत बसते आणि मोकळं टोक शेजारच्या पदरांच्या वरून-खालून विणलं जातं. दोरी ताठ असली किंवा डबा दोरीला हलायला जागाच न ठेवण्याइतका लहान असला तर गाठी कमी. आपल्यासाठी यातून दोन कामं निघतात. पिशवी रोपने गच्च भरेल अशाच मापाची घ्या. आणि दोन्ही टोकं कधी मोकळी आत सोडू नका: एक पिशवीच्या तळाच्या कडीला, दुसरं तोंडाच्या कडीला बांधा. पिशवीत रोप वेटोळी करून लावायचा नाही, टोकापासून मुठीमुठीने नुसता भरत जायचा. दिसायला अव्यवस्थित, पण जसा आत गेला तसाच उलट क्रमाने सुरळीत बाहेर येतो. मला विचाराल तर शिबिराच्या रोपसाठी पिशवीसारखी दुसरी सोय नाही.

आता टाकून द्यायचा का ते. पीळ आहे म्हणून रोप बाद होत नाही. पण आढी पडलेली असताना त्यावर पूर्ण वजन आलं आणि ती करकचून ओढली गेली, तर त्या जागी गाभा दुखावलेला असू शकतो, आणि तुमच्याकडे दोनदा तसं झालेलं आहे. म्हणून पीळ काढून झाल्यावर संपूर्ण ५० मीटर रोप दोन्ही हातांतून सरकवा आणि दर वितीवर छोटा बाक देऊन पाहा. सगळीकडे बाक सारखाच गोल यायला हवा. एखाद्या जागी तो टोकदार मोडला, आत पोकळ लागलं, चपटं किंवा लाकडासारखं ताठ लागलं, आवरण गाभ्यावरून सरकताना जाणवलं, वितळून चकाकलेला पट्टा दिसला किंवा आवरण फाटून आतलं पांढरं दिसलं, तर तो भाग गेला. दोष टोकाजवळ असेल तर तेवढा तुकडा कापून, टोक नीट बंद करून, उरलेल्या रोपवर नवी लांबी स्पष्ट लिहा. दोष मधे असेल तर माणसासाठी तो रोप संपला, सामान ओढायलाही डोंगरावर नेऊ नका, कारण घाईत कुणीतरी तोच अँकरला लावतं. काहीच सापडलं नाही आणि उत्पादकाने दिलेली मुदत उलटलेली नसेल, तर रोप वापरा. एका वहीत तारीख, ठिकाण, किती जण उतरले आणि रोप कुठे अडकला हे लिहायला आजपासून सुरुवात करा, आणि ती वही रोपच्या पिशवीतच ठेवा.